व्हॅलेन्सियात तिथल्यासारखं खायचं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या या शहरात पाहुण्यांची फजिती पदार्थ निवडताना कमी आणि वेळ निवडताना जास्त होते. रात्री पाएया (पसरट उथळ भांड्यात शिजवलेला तिथला प्रसिद्ध भात) मागणं, दुपारी बारालाच जेवायला बसणं, संध्याकाळी सातला उघडं हॉटेल शोधत फिरणं, असे बहुतेक घोळ घड्याळाचे असतात. म्हणून सुरुवात घड्याळापासून.

दिवसभरात कोण कधी काय खातं?

सकाळी आठच्या सुमारास कॉफी आणि एखादा टोस्ट, तोही उभ्या उभ्या. साडेनऊ ते साडेअकरा एस्मोर्झारेत, म्हणजे दुसरी, खरी न्याहारी. दुपारी दोन ते चार मुख्य जेवण. सहाच्या आसपास काहीतरी गोड. रात्री नऊनंतर हलकं खाणं.

बहुतेक स्वयंपाकघरं चार ते आठ बंद असतात. बार उघडा दिसतो, माणसं बसलेली दिसतात, पण मिळतं ते पेय आणि फार तर ऑलिव्ह. दुपारी एकला जी हॉटेलं भरलेली दिसतात तिथे पर्यटक असतात. अडीचला भरलेलं हॉटेल शोधा. रविवारी रात्री आणि सोमवारी अनेक जागा बंद असतात, ऑगस्टमध्ये तर काही महिनाभर. नकाशावरच्या वेळांवर विसंबू नका, फोन करा.

एस्मोर्झारेत म्हणजे नेमकं काय? कसं मागवायचं?

या शहराची खाण्याची खरी ओळख पाएयापेक्षा या न्याहारीत सापडते, असं आमचं मत आहे. शेतात आणि गोदीत पहाटे कामाला लागणाऱ्यांची ही भूक. आता बँकेतला कारकूनही याच वेळी उठून बाहेर पडतो.

टेबलावर बसलात की आधी 'गास्तो' येतो: सालासकट भाजलेले शेंगदाणे, ऑलिव्ह, लोणच्यातल्या मिरच्या किंवा काकडी, कधी त्रामुसोस नावाच्या पिवळ्या चपट्या बिया. या बियांची साल दातांनी सोडवून टाकायची, आतलं खायचं. शेंगांची टरफलं कुठे टाकायची ते शेजारच्या टेबलाकडे बघून ठरवा. मग काउंटरवर मांडलेल्या परातींकडे बोट दाखवून पावात काय भरायचं ते सांगायचं. पाव लांब आणि कडक सालीचा असतो. पूर्ण पाव दोघांना पुरतो, म्हणून 'मेदियो', म्हणजे अर्धा, मिळतो का ते आधी विचारा. सोबत पाणी, बिअर किंवा गोड सोडा घातलेली वाइन. शेवटी कॉफी. हे सगळं मिळून साधारण 7 ते 10 युरो.

भरण्याची नावं पाठ असलेली बरी, कारण नावावरून आतलं कळत नाही. 'चिवितो'त डुकराच्या मांसाचे काप, बेकन, तळलेलं अंडं, चीज, टोमॅटो, मेयोनेज असतं. 'ब्रास्कादा'त गोमांस, हॅम आणि परतलेला कांदा. 'ब्लांको इ नेग्रो' म्हणजे दोन प्रकारचे सॉसेज, त्यातलं काळं रक्ताचं. 'अल्मुसाफेस'मध्ये सोब्रासादा हे डुकराच्या मांसाचं लाल, मऊ सॉसेज, चीज आणि कांदा. मांस न खाणाऱ्यांनी 'तोर्तिया दे पाताता' मागावं, बटाट्याचं जाड ऑम्लेट. तोर्तिया म्हटलं की मेक्सिकन चपाती डोळ्यांपुढे आणू नका, स्पेनमध्ये हा अंड्याचाच पदार्थ. (आपला 'बटाटा' पोर्तुगीजांकडून आला आणि स्पॅनिश 'पाताता' त्याचाच भाऊबंद, त्यामुळे हा शब्द विसरायचं कारण नाही.)

कॉफी साधी न घेता 'क्रेमाएत' सांगा. रममध्ये साखर, लिंबाची साल, दालचिनी आणि कॉफीचे दोनचार दाणे घालून ती पेटवतात, साखर विरघळून दारूचा उग्रपणा उतरला की वरून एस्प्रेसो सोडतात. काचेच्या ग्लासात थर वेगवेगळे दिसले तर जमलं. दारू पूर्ण जळत नाही, हे लक्षात ठेवून गाडीची चावी दुसऱ्याकडे द्या.

चूक कुठे होते? बारा वाजता पोचलात तर पाव आणि चांगली भरणं संपलेली असतात. आणि पूर्ण पाव संपवून दोन वाजता पाएया ठेवला असेल, तर त्यातलं एक निश्चितपणे वाया जातं. दोन्ही वेगवेगळ्या दिवशी करा.

पाएया रात्री का खात नाहीत?

जड पडतो म्हणून, आणि तो मुळात दुपारचा, बहुधा रविवारचा, घरच्या सगळ्यांनी मिळून खायचा पदार्थ म्हणून. रात्री पाएया देणारं हॉटेल बहुतेक वेळा पाहुण्यांसाठीच चालतं. याला अपवाद असतात, पण शोधत बसण्यात अर्थ नाही.

खऱ्या व्हॅलेन्सियन पाएयात काय असतं? मासे नसतात?

नसतात. तांदूळ, कोंबडी, ससा, चपट्या हिरव्या शेंगा, गार्रोफो नावाचे मोठे पांढरे दाणे, टोमॅटो, ऑलिव्ह तेल, केशर, मीठ, पाणी. ही दहा नावं तिथे कुणीही घडाघडा म्हणून दाखवेल. भागाप्रमाणे गोगलगायी, बदक, आर्टिचोक, रोझमेरी चालतं. गार्रोफो म्हणजे आपल्याकडे डबल बी म्हणून मिळणारे दाणे, त्याच जातीचे. ससा खायचा नसेल तर फक्त कोंबडीचा करतात का ते आरक्षण करतानाच विचारा. ऐन वेळी टेबलावर सांगून उपयोग नाही, कारण मांस पहिल्यांदा परतलं जातं आणि पुढचं सगळं त्यावरच उभं राहतं.

चोरिसो सॉसेज घातलं की तिथली माणसं खरोखर चिडतात. 2016 साली ब्रिटिश शेफ जेमी ऑलिव्हरने तसा पाएया दाखवला तेव्हा गदारोळ झाला होता. 2021 मध्ये व्हॅलेन्सियाच्या प्रादेशिक सरकारने पाएयाला अमूर्त सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला, यावरून प्रकरण किती मनावर घेतलं जातं ते कळेल.

सागरी हवा असेल तर नाव वेगळं. 'पाएया दे मारिस्को'त कोळंबी, शिंपले सालासकट. 'आरोस देल सेन्योरेत' म्हणजे साहेबी भात: सगळं सोललेलं, हात माखायला नकोत. 'आरोस आ बांदा' माशांच्या रश्शात शिजवलेला. 'आरोस नेग्रे' शाईमाशाच्या शाईने काळा. 'फिदेउआ' भाताऐवजी शेवयांचा, मूळचा दक्षिणेकडच्या गांदिया गावचा. 'मिक्स्ता' म्हणजे मांस आणि मासे एकत्र. स्थानिक माणूस तो सहसा मागवत नाही.

चांगला पाएया आणि पर्यटकांचा पाएया कसा ओळखायचा?

आधी चुकीची खूण बाजूला सारू. पिवळाधमक रंग म्हणजे फसवणूक, असं सांगतात. पण व्हॅलेन्सियातल्या कित्येक घरांतही केशराच्या जोडीला रंगाची पूड घालतात. रंगावरून काहीच ठरत नाही.

पाहायचं ते असं. भाताचा थर बोटभर जाडीच्या आतच हवा, माणशी साधारण 100 ग्रॅम तांदूळ, म्हणून भांडं मोठं आणि उथळ. थर जाड असेल तर वरचा भात वाफेवर फुगलेला आणि खालचा गिजगा होतो. दाणा सुटा हवा, पण बासमतीसारखा कोरडा नाही: आखूड, गुबगुबीत दाणा, ज्याने मांसाचा सगळा रस पिऊन घेतलाय. बोंबा, सेनिया, बाइया या तिथल्या जाती. बोंबा जास्त शिजला तरी फुटत नाही म्हणून हॉटेलांचा लाडका. सेनिया चव जास्त ओढून घेतो पण दोन मिनिटं चुकली की मऊ पडतो. तळाशी 'सोकाराट' हवा, भांड्याला धरलेली खरपूस खरपुडी. ती तपकिरी असते. काळी आणि कडू झाली असेल तर तो सोकाराट नव्हे, करपलेला भात.

वेळेवरूनही कळतं. पाणी उकळून त्यात तांदूळ पडल्यावर 18 ते 20 मिनिटं लागतात आणि नंतर पाचेक मिनिटं मुरायला. तांदूळ घातल्यावर ढवळत नाहीत. ढवळलं की पिष्ट सुटतं आणि आपली मऊ खिचडी होते. म्हणजे मागणी दिल्यापासून अर्धा ते पाऊण तास थांबणं आलंच. दहा मिनिटांत आला तर तो गोठवलेला किंवा सकाळी करून ठेवलेला. एकट्यासाठी वाटीभर पाएया, दारात रंगीत फोटोंचा फलक आणि हात धरून आत बोलावणारा माणूस, या तीनपैकी दोन गोष्टी दिसल्या की पुढे चालू लागा.

खरा पाएया किमान दोघांसाठी करतात आणि दर माणशी लिहिलेला असतो, साधारण 15 ते 25 युरो. मेनूतली '18' ही रक्कम दोघांची समजून नंतर वाद घालू नका. दोघांपैकी एकाला मांसाचा आणि दुसऱ्याला भाज्यांचा असं चालत नाही. एक भांडं, एक प्रकार.

कुठे जायचं, आणि आधी सांगावं लागतं का?

रविवारी दुपारसाठी आरक्षण हवंच, आणि लाकडाच्या जाळावर करणाऱ्या ठिकाणी कोणता भात हवा तेही आदल्या दिवशी सांगावं. संत्र्याच्या लाकडाचा जाळ नावाजलेला: या भागात बागा आहेत, छाटणीचं लाकूड मुबलक. शहरापासून दक्षिणेला अल्बुफेरा सरोवर आणि त्याभोवतीची भातशेती, तिथल्या एल पाल्मार गावात ओळीने भाताचीच हॉटेलं. शहराची बस जाते. गाव छोटं आहे, रविवारी गर्दी फार. मधल्या वारी जा.

तिथला दुसरा पदार्थ 'आल इ पेब्रे', लसूण आणि लाल मिरचीपुडीतला ईल माशाचा रस्सा. चव अप्रतिम, पण युरोपीय ईल आज नामशेष होण्याच्या मार्गावर आहे, तेव्हा विचार करून मागवा.

पाएया खायची पद्धत काय?

घरी भांडं टेबलाच्या मधोमध, प्रत्येकाच्या हातात लाकडी चमचा आणि प्रत्येकाचा आपल्यासमोरचा त्रिकोण. शेजाऱ्याच्या हद्दीत चमचा घालायचा नाही. नको असलेला मांसाचा तुकडा मध्यभागी सरकवता येतो. हॉटेलात ताटंही देतात. लिंबाची फोड ठेवलेली असेल तर पिळावं की नाही यावर तिथे घराघरांत मतभेद आहेत. गरम गरम खाण्याची घाई नको, थोडा कोमट झाल्यावर चव जास्त कळते.

स्वस्तात पोटभर जेवायचं तर?

'मेनू देल दिया'. सोमवार ते शुक्रवार दुपारी, साधारण 13 ते 18 युरोत पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, एक पेय आणि गोड किंवा कॉफी. हा मेनू छापील कार्डात नसतो, दारातल्या खडूच्या फळ्यावर असतो. दिला नाही तर मागा. यात कधी 'आरोस अल ओर्नो' दिसला तर घ्या: हरभरे, बटाटा, टोमॅटो, आख्खा लसणाचा गड्डा आणि डुकराचं मांस घालून मातीच्या पसरट भांड्यात भट्टीत भाजलेला भात. पाएयाइतका मिरवत नाही, पण घरोघरी होतो.

शाकाहारी माणसाचं काय होतं?

उपाशी राहत नाही, पण फसतो. मुख्य सापळे सांगतो. 'एन्सालादा व्हॅलेन्सियाना' या सॅलडमध्ये ट्यूना असतो. पिस्तो, म्हणजे टोमॅटोत शिजवलेल्या भाज्या, भरलेल्या करंज्यांमध्येही बऱ्याचदा ट्यूना आणि अंडं. 'एस्गार्राएत' भाजलेल्या लाल मिरचीचा दिसतो, पण त्यात खारवलेला कॉड मासा. काबान्याल या समुद्राकाठच्या वस्तीतल्या 'तितायना'त, म्हणजे टोमॅटो-मिरचीच्या भाजीत, खारवलेला ट्यूना. वाटाणे, पालेभाजी, मसूर यांत हॅमचे तुकडे, कारण हॅमला कित्येक स्वयंपाकी मांसात धरतच नाहीत. म्हणून 'सोय वेखेतारियानो' (बाईने 'वेखेतारियाना') एवढ्यावर थांबू नका. पुढचं वाक्य म्हणा: 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन आतून', म्हणजे मांस, मासे, हॅम, ट्यूना नको.

भाज्यांचा पाएया मागताना रश्शाचं विचारा: 'एल काल्दो एस दे वेर्दुरास?' मूळ पाएयात तयार रस्सा वापरतच नाहीत, पाणीच घालतात, त्यामुळे पाण्यात करून द्या ही मागणी विचित्र वाटत नाही. आदल्या दिवशी सांगितलं तर बहुतेक जमतं.

बिनधास्त मागण्यासारखं: पान कोन तोमाते (टोमॅटो लावलेला पाव), तव्यावरचे आर्टिचोक (हिवाळ्यात), पाद्रोनच्या तळलेल्या मिरच्या, ब्रावास (तिखट सॉस घातलेले तळलेले बटाटे) आणि 'एर्विदो'. हा शेवटचा म्हणजे बटाटा, हिरव्या शेंगा आणि कांदा नुसता उकडून वर ऑलिव्ह तेल. व्हॅलेन्सियन घरातलं रात्रीचं जेवण हेच, आणि प्रवासात पोट बिघडलं की याच्यासारखं औषध नाही. आलिओली हा पांढरा लसणाचा सॉस मूळ कृतीत फक्त लसूण आणि तेलाचा, पण बारमध्ये बहुधा अंडं असतं. तळण्याचं तेल वेगळं ठेवतील अशी अपेक्षा धरू नका. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी स्वयंपाकघर असलेली खोली घ्यावी आणि बाजारात जावं, दुसरा सोपा रस्ता नाही.

गोमांस किंवा डुकराचं मांस टाळायचं असेल तर कोणते शब्द ओळखायचे?

गाय-वासरू: तेर्नेरा, वाका, बुएय. डुक्कर: सेर्दो, लोमो, पान्सेता, हामोन, लोंगानिसा, मोर्सिया, सोब्रासादा. कोंबडी पोयो, ससा कोनेखो.

बाजारात खरेदी कशी करायची?

मेर्कादो सेंत्राल 1928 साली सुरू झालेला, लोखंड, काच आणि रंगीत फरशांचा प्रचंड बाजार, समोरच रेशमाच्या व्यापाराची जुनी इमारत, लोंखा. सोमवार ते शनिवार, सकाळी साडेसात ते दुपारी तीन. रविवारी बंद. सोमवारी मासळीचे बरेच गाळे बंद किंवा रिकामे असतात, कारण रविवारी होड्या जात नाहीत.

रांग दिसत नाही, पण असते. गाळ्यापाशी जाऊन 'एल उल्तिमो?' विचारायचं, म्हणजे शेवटचं कोण? कुणीतरी हात वर करतं. तुमचा नंबर त्याच्यानंतर, आणि पुढच्याने विचारलं की हात तुम्ही वर करायचा. फळं स्वतः चिवडू नका, विक्रेता निवडून देतो. आज खायची की उद्या ते सांगितलं तर तो त्याप्रमाणे पिकलेली देतो. वजनाचा एक शब्द मराठी माणसाला लगेच कळेल: 'क्वार्तो इ मिताद', पाव किलो आणि त्याचा निम्मा, म्हणजे आपला पाव अधिक अदपाव, 375 ग्रॅम.

संत्री हिवाळ्यात, टोमॅटो उन्हाळ्यात. 'क्लोचिना' हे तिथले छोटे शिंपले साधारण मे ते ऑगस्ट एवढेच मिळतात. गॅलिसियाच्या मोठ्या शिंपल्यांपेक्षा लहान, पण चव गडद. ऑक्टोबरात कुणी क्लोचिना म्हणून दिले तर ते दुसरेच.

ओर्चाता म्हणजे दूध आहे का?

नाही. चुफा नावाचे छोटे सुरकुतलेले कंद भिजवून, वाटून, गाळून त्यात पाणी आणि साखर. दुधाचा थेंब नाही, सुका मेवा नाही. चुफा लव्हाळ्याच्या कुळातला, आपल्या नागरमोथ्याचा सख्खा नातेवाईक. शहराच्या उत्तरेला अल्बोरायाच्या रेताड जमिनीत तो पिकतो, आणि मेट्रोच्या 3 नंबरच्या लाइनने तिथे जाऊन पिणं हाच उत्तम मार्ग. कंद चालत नसतील तर मात्र हे चालणार नाही.

ताजा ओर्चाता बर्फगार हवा. तो उकळत नाहीत, कारण पिष्टामुळे तापवल्यावर घट्ट होतो, आणि म्हणूनच उन्हात काही तासांत आंबतो. बाटलीबंद टिकतो, पण चव निम्मी. सोबत 'फार्तोन', लांबट गोड पाव, बुडवून खायचा. त्यात अंडं असू शकतं. संध्याकाळी सहाला लहान मुलं भुकेने रडायला लागली की हेच त्यांचं जेवण समजा, कारण हॉटेलं उघडायला दोन तास आहेत. बेकरीतल्या 'रोस्किएता', खुसखुशीत खाऱ्या काड्या, पिशवीत ठेवल्या तर तीही सोय होते.

कॉफीत काय मागायचं?

'कोर्तादो' थोड्या दुधाची. 'बोंबोन' कंडेन्स्ड दुधाची, गोडखाऊंसाठी. उन्हाळ्यात 'देल तिएंपो': गरम कॉफी, वेगळ्या ग्लासात बर्फ आणि तिथल्या रिवाजाप्रमाणे लिंबाची चकती. ओतायचं काम तुमचं. जेवणानंतर मोठी दुधाळ कॉफी कुणी घेत नाही, घेतली तर कुणी हाकलणारही नाही.

पाणी, पाव, टिप?

2022 च्या कायद्यापासून हॉटेलांनी नळाचं पाणी फुकट देणं बंधनकारक आहे: 'अगुआ देल ग्रीफो' म्हणा. व्हॅलेन्सियाचं पाणी जड आहे, पिण्यास सुरक्षित, पण चवीला बरं नाही, म्हणून स्थानिकही बाटली घेताना दिसतील. पाव आणि आलिओली न मागता आले तरी बिलात लागू शकतात. नको असतील तर येताक्षणी परत द्या. टिप सक्तीची नाही, वरची चिल्लर किंवा पाच टक्के पुष्कळ. बिल मागितल्याशिवाय येत नाही: 'ला क्वेंता, पोर फावोर'. ते आणत नाहीत याचा अर्थ दुर्लक्ष नव्हे. जेवणानंतर तासभर गप्पा मारणं हा जेवणाचाच भाग धरलाय.

घरी काय न्यावं, आणि इथे पाएया जमेल का?

तांदूळ न्या: एक किलोची कापडी पिशवी, त्यावर 'आरोस दे व्हॅलेन्सिया'चा मूळस्थानाचा शिक्का. सुकवलेले चुफा टिकतात. सॉसेज, हॅम विमानतळावर अडकू शकतं, त्या भानगडीत पडू नका.

पाएयाचं भांडं (पाएया हे मूळ भांड्याचंच नाव) बाजाराच्या आसपासच्या दुकानांत स्वस्त मिळतं. दोघातिघांना 30 सेंटिमीटर व्यासाचं, चौघापाचांना 40. साधं पोलादी घेतलंत तर आपल्या बिडाच्या तव्यासारखं वागवा: धुऊन लगेच कोरडं करा, तेलाचा हात फिरवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी गंज. खरी अडचण शेगडीची येते. भारतीय शेगडीची ज्वाला मध्येच लागते, त्यामुळे 40 च्या भांड्यात मधला भात करपतो आणि कडेचा कच्चा राहतो. दोन शेगड्यांवर आडवं ठेवून दर दोन मिनिटांनी पाव चक्कर फिरवा, किंवा सरळ 30 चं घ्या आणि दोनदा करा. बोंबा संपल्यावर बासमती वापरू नका, आखूड दाण्याचा तांदूळ घ्या. आंबेमोहोर चालतो, पण तो चिकट होतो आणि लवकर शिजतो. पाणी थोडं कमी घाला आणि बाराव्या मिनिटापासून दाणा चाखत राहा.